आपल्या डोमेनचं टपाल आपणच सांभाळायचं तर

आमच्या घरातल्या सहा जणांचे ईमेल पत्ते आमच्या स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे पत्त्यात @ च्या पुढे येणाऱ्या आमच्याच नावावर, आहेत, आणि ते टपाल ज्या सर्व्हरवर येतं-जातं तो सर्व्हरही मीच सांभाळते. तो उभा करायला एक शनिवार-रविवार पुरला. तिथून पाठवलेली पत्रं लोकांच्या इनबॉक्समध्ये नेमानं पडायला लागायला मात्र जवळजवळ अडीच महिने गेले. यावरचे बहुतेक लेख त्या शनिवार-रविवारबद्दल असतात: ही आज्ञा टाका, ती फाइल बदला, झालं. मला त्या अडीच महिन्यांबद्दल जास्त सांगायचं आहे, कारण माणसं वैतागून नाद सोडतात ती तिथे.

एक गोष्ट आधीच सांगते. स्वतःचं डोमेन घेणं आणि स्वतःचा सर्व्हर चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत. डोमेन आपल्या नावावर असलं की पत्ता आपला झाला. मग टपाल सांभाळणारा सर्व्हर आज एका कंपनीचा, उद्या दुसऱ्या कंपनीचा, परवा आपला स्वतःचा असला तरी चालतं. पत्ता तोच राहतो, कुणाला काही कळवावं लागत नाही. त्यामुळे सर्व्हरच्या भानगडीत पडायचं नसेल त्यांनीही डोमेन तरी घ्यावंच. पुढचं सगळं त्याच्याही पुढे जायचं ठरवलेल्यांसाठी आहे.

पत्र जातं कसं

समजा मी साताऱ्याहून पुण्याच्या मावशीला पत्र लिहिलं. फोनमधलं ॲप माझ्या सर्व्हरला गाठतं, नाव आणि पासवर्ड सांगतं आणि पत्र त्याच्या हवाली करतं. यासाठी ४६५ किंवा ५८७ हा पोर्ट वापरतात. पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या इमारतीतली एकेक खिडकी समजा. प्रत्येक खिडकीवर ठरावीक काम चालतं. माझ्या सर्व्हरवर या खिडकीमागे पोस्टफिक्स नावाचा प्रोग्रॅम बसलेला असतो. वीत्से व्हेनेमा यांनी तो आयबीएमच्या संशोधन विभागात असताना लिहिला आणि १९९८ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. आजही तो फुकट मिळतो आणि त्याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवावा असाच आहे.

पत्र हाती आल्यावर पोस्टफिक्स डीएनएसला, म्हणजे इंटरनेटच्या नावनोंदणी वहीला, विचारतो की मावशीच्या डोमेनचं टपाल कोण स्वीकारतं? वहीत त्यासाठी एमएक्स नावाची नोंद असते. दोन-तीन सर्व्हर लिहिलेले असतील तर प्रत्येकापुढे एक आकडा असतो आणि लहान आकडेवाल्याकडे आधी जायचं असतं. मग माझा सर्व्हर त्या सर्व्हरच्या २५ नंबरच्या खिडकीवर जाऊन उभा राहतो. तिथे जे बोलणं होतं ते एकदा तरी डोळ्यांनी बघावं. पुढचा सगळा घोळ समजायला ते फार उपयोगी पडतं. मराठीत आणलं तर साधारण असं:

समोरचा: २२०. मी अमुक सर्व्हर, बोला.
माझा: नमस्कार, मी मेल.आमचंडोमेन.इन.
समोरचा: २५०. नमस्कार.
माझा: पत्र पाठवणार – मी, आमचंडोमेन.इन वरून.
समोरचा: २५०. ठीक.
माझा: पत्र कुणाला – मावशी, तुमच्या डोमेनवर.
समोरचा: २५०. ठीक.
माझा: आता मजकूर देतो.
समोरचा: ३५४. द्या. संपलं की एका ओळीत नुसतं एक टिंब द्या.
(इथे अख्खं पत्र, आणि शेवटी एकटं टिंब.)
समोरचा: २५०. घेतलं.

आकडे महत्त्वाचे आहेत. २ ने सुरू होणारा आकडा म्हणजे काम झालं. ४ ने सुरू होणारा म्हणजे 'आत्ता जमत नाही, थोड्या वेळानं या'. ५ ने सुरू होणारा म्हणजे 'नाही, पुन्हा येऊ नका'. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या रोजनिशीत, हेच आकडे दिसतात आणि पुढे कधी पत्र अडलं तर आकड्याशेजारचं वाक्य नीट वाचलं की निम्मं निदान तिथेच होतं.

मावशीचं उत्तर आलं की उलट प्रवास. माझा पोस्टफिक्स ते २५ च्या खिडकीवर घेतो आणि डोव्हकॉट या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या ताब्यात देतो. डोव्हकॉट पत्रं कपाटात लावून ठेवतो आणि फोनवरच्या ॲपनं ९९३ वर येऊन मागितली की काढून देतो. माझ्याकडे प्रत्येक पत्र ही एक वेगळी फाइल असते, त्यामुळे बॅकअप म्हणजे एका फोल्डरची नक्कल, एवढं सोपं.

आता वरचं संभाषण पुन्हा वाचा. 'पत्र पाठवणार – मी' असं माझ्या सर्व्हरनं सांगितलं आणि समोरच्यानं मानलं. पुरावा मागितला नाही. शिवाय हे झालं पाकिटावरचं नाव. आत पत्रात 'प्रेषक' म्हणून जे नाव छापलेलं असतं, जे मावशीला फोनवर दिसतं, ते आणखी वेगळं असू शकतं. पाकिटावर एक नाव, आत दुसरंच, आणि दोन्ही खोटी, असं पत्रही या नियमांनुसार अगदी रीतसर जातं.

हे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले. तेव्हा जाळ्यावरची यंत्रं मोजकी होती, विद्यापीठांतली आणि संशोधन संस्थांतली, आणि चालवणारे एकमेकांना ओळखत होते. लहान गावात दाराला कडी लावत नाहीत तसं. पुढे गावाचं महानगर झालं, पण दार तेच राहिलं. आपण आज मेल सर्व्हर बसवताना ज्या नोंदी घालत बसतो त्या सगळ्या नंतर या दाराला लावलेल्या कड्या-कुलुपं आहेत.

सर्व्हर कुठे ठेवायचा

घरातल्या जुन्या संगणकावर ठेवावा असं सगळ्यांनाच आधी वाटतं. मलाही वाटलं होतं. ते सोडून द्या. घरगुती कनेक्शनवर बहुतेकदा आपल्याला स्वतंत्र आयपी पत्ता, म्हणजे यंत्राचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता, नसतोच. एकाच पत्त्याआड अनेक घरं असतात. असला तरी तो बदलता असतो. आणि स्पॅमहाउस ही संस्था घरगुती आयपींची वेगळी यादी ठेवते, 'इथून थेट मेल येणं अपेक्षित नाही' अशी. जगभरचे सर्व्हर ती यादी पाहून दार लावून घेतात. तुम्ही काही वाईट केलेलं नसतं, पण तुमचा पत्ता त्या वस्तीतला असतो.

तेव्हा डेटा सेंटरमधला छोटा आभासी सर्व्हर भाड्यानं घ्यायचा. घरापुरतं काम असेल तर २ जीबी मेमरी पुरते. व्हायरस तपासणारा क्लॅमएव्ही चालवायचा असेल तर जास्त घ्या, तो एकटाच १ जीबीहून अधिक खातो. पैसे भरण्याआधी कंपनीला दोन प्रश्न विचारा. पहिला: बाहेर जाणारा २५ नंबरचा पोर्ट उघडा आहे का, नसेल तर मागितल्यावर उघडता का? कित्येक मोठ्या क्लाउड सेवा तो बंद ठेवतात आणि काही तर कधीच उघडत नाहीत. दुसरा: रिव्हर्स डीएनएस, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी उलट नोंद, लावू देता का?

आयपी हातात आला की लगेच, सर्व्हरवर एकही गोष्ट न बसवता, तो स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत आहे का ते तपासा. भाड्याच्या घरात आधीचा भाडेकरू उधाऱ्या करून गेला असेल तर वसुलीवाले तुमच्याच दारावर थाप मारतात. आयपीचंही तसंच आहे. मला मिळालेला पहिला आयपी असाच निघाला. तो सर्व्हर त्याच तासात परत करून मी दुसरा घेतला. दुसरा स्वच्छ होता. त्याच आयपीची साफसफाई करून घेत बसले असते तर आणखी महिना गेला असता.

ओळख पटवणं

इथे वेळ द्या. पोस्टफिक्स-डोव्हकॉट चुकलं तर लगेच कळतं, कारण काहीच चालत नाही. ओळखीच्या नोंदी चुकल्या तर सगळं चालताना दिसतं आणि पत्रं मात्र गुपचूप स्पॅममध्ये जात राहतात.

पहिली ओळख आयपीची. आपण डीएनएसमध्ये लिहितो की मेल.आमचंडोमेन.इन म्हणजे २०३.०.११३.२५. समोरचा उलट विचारतो, २०३.०.११३.२५ म्हणजे कोण? उत्तर तेच नाव आलं पाहिजे. या उलट नोंदीला पीटीआर म्हणतात. ही नोंद डोमेन जिथे घेतलं तिथल्या पॅनेलमध्ये होत नाही. आयपी ज्याच्या मालकीचा, म्हणजे ज्यानं सर्व्हर भाड्यानं दिला, त्याच्याकडे ती करावी लागते. पुष्कळ जण डोमेनच्या पॅनेलमध्ये तासन्‌तास शोधत बसतात. आणि नमस्कार करताना पोस्टफिक्स जे नाव सांगतो तेही हेच असू द्या. नव्या पद्धतीचा लांबलचक आयपीव्ही६ पत्ताही सर्व्हरला मिळालेला असेल तर त्याचीही उलट नोंद लागते. ती नसेल तर जीमेल त्या वाटेनं आलेलं पत्र घेत नाही. पोस्टफिक्सला सुरुवातीला फक्त जुन्या पत्त्यानं जायला सांगावं, हे मला तरी बरं वाटलं.

दुसरी ओळख एसपीएफ. डोमेनच्या वहीत एक ओळ लिहायची: 'व्ही=एसपीएफ१ एमएक्स -ऑल' (रोमन अक्षरांत v=spf1 mx -all). अर्थ असा की आमच्या एमएक्समध्ये लिहिलेला सर्व्हर आमच्या नावानं पत्र पाठवू शकतो, बाकी कुणी नाही. समोरचा पाकिटावरचं डोमेन पाहतो, ही ओळ काढतो आणि दारात उभा असलेला आयपी तीत बसतो का ते बघतो. एका डोमेनला अशी एकच ओळ असते. दोन झाल्या की दोन्ही निकामी. ओळीत इतर सेवांची नावं जोडत गेलात तर ती सोडवायला लागणाऱ्या डीएनएस चौकशा १० च्या वर जाता कामा नयेत, ही मर्यादा नियमातच आहे.

एसपीएफची अडचण अशी की मावशीनं तिच्या जुन्या पत्त्यावरचं टपाल नव्या पत्त्याकडे वळवलेलं असेल तर माझं पत्र शेवटच्या दाराशी तिसऱ्याच सर्व्हरच्या हातून पोचतं. तो आयपी माझ्या ओळीत नसतो. पत्र खरं, पण तपासणीत नापास.

म्हणून तिसरी ओळख, डीकिम. ही मला सगळ्यात आवडते, कारण तिची कल्पना आपल्याकडे आधीपासून आहे. शिवकालीन पत्रं पाहिली असतील तर आठवेल: वर 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही मुद्रा आणि मजकूर संपतो तिथे 'मर्यादेयं विराजते' हा मोर्तबाचा शिक्का. मुद्रेनं पत्र कुणाचं ते कळायचं. मोर्तबानं पत्र कुठे संपलं ते कळायचं, म्हणजे त्याखाली कुणी चार ओळी घुसडू शकत नसे. शिक्कामोर्तब हा शब्द आपण रोज वापरतो तो यातूनच आला. डीकिम हेच करतो. सर्व्हरवर एक गुप्त किल्ली असते. पाठवताना पत्राच्या मजकुराचा आणि प्रेषक, विषय वगैरे ओळींचा गणिती सारांश काढून त्यावर त्या किल्लीनं सही होते आणि ती सही पत्राच्या डोक्यावर बसते. तिची जोडीदार उघड किल्ली डोमेनच्या वहीत सगळ्यांना दिसेल अशी ठेवलेली असते. समोरचा ती घेऊन सही ताडून पाहतो. वाटेत एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. पत्र कुणाच्या हातून आलं याच्याशी या तपासणीला देणंघेणं नाही, म्हणून वळवलेलं पत्रही सहसा पास होतं.

मोर्तबाची उपमा मी उगाच देत नाही. डीकिममध्ये 'मजकुराच्या पहिल्या इतक्याच अक्षरांवर सही' अशी एक सवलत आहे. ती चालू ठेवली तर सही कायम ठेवून खाली कुणीही हवं ते जोडू शकतो. बिनमोर्तबाचं पत्रच ते. ही सवलत कधीही वापरू नका.

किल्ली २०४८ बिटांची करा. आता एक बारीक खोच. डीएनएसच्या या प्रकारच्या नोंदीत अक्षरांचा एक तुकडा २५५ पेक्षा मोठा असू शकत नाही, आणि ही किल्ली त्याहून लांब असते. तिचे दोन तुकडे अवतरणचिन्हांत शेजारी-शेजारी लिहायचे असतात. मी वापरत होते त्या पॅनेलनं माझी किल्ली काही न सांगता शेपटाकडून कापली. सही रोज होत होती आणि रोज नापास होत होती, आणि मी दहा दिवस पोस्टफिक्सच्या फायली उलथ्या-पालथ्या करत होते. शेवटी वहीतली किल्ली आणि सर्व्हरवरची किल्ली कागदावर छापून शेजारी ठेवल्या, बोट ठेवून शेवटपर्यंत गेले आणि एकीची शेवटची ओळच नाही हे दिसलं. नोंद केल्यावर ती बाहेरून मागवून शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा.

चौथी, डीमार्क. एसपीएफ पाकिटावरचं नाव तपासतो, डीकिम सही करणाऱ्या डोमेनचं. वाचणाऱ्याला दिसतं ते आतलं प्रेषकाचं नाव मात्र अजून कुणीच तपासलेलं नाही. डीमार्क म्हणतो, या दोन तपासण्यांपैकी निदान एक पास व्हावी आणि तिच्यातलं डोमेन आतल्या प्रेषकाच्या डोमेनशी जुळावं. जुळलं नाही तर काय करायचं हेही आपणच लिहून ठेवतो: काही नको, स्पॅममध्ये टाका, किंवा घेऊच नका. सुरुवात 'काही नको' पासूनच करा आणि अहवाल कुठे पाठवायचे तो पत्ता द्या. मोठ्या सेवा बहुधा रोज एक अहवाल धाडतात: तुमच्या नावानं कुठल्या आयपीवरून किती पत्रं आली, किती पास, किती नापास. माझ्या तिसऱ्या आठवड्यातल्या अहवालात एक अनोळखी आयपी दिसला. कुणीतरी तोतयागिरी करतंय असं वाटून पोटात गोळा आला. शोधलं तर तो आमच्याच वेबसाइटचा सर्व्हर होता. तिथला संपर्काचा फॉर्म परस्पर पत्रं पाठवत होता. पहिल्या दिवशीच 'घेऊच नका' लिहिलं असतं तर फॉर्म भरणाऱ्यांची पत्रं हवेत विरली असती. फॉर्मची पत्रं मी माझ्या मेल सर्व्हरवरून जातील असं केलं, मग नियम कडक केला.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं यातलं बरंचसं सक्तीचं केलं आहे. प्रत्येक पाठवणाऱ्याला एसपीएफ किंवा डीकिम, उलट नोंद आणि कूटबद्ध जोडणी लागते. रोज ५,००० हून जास्त पत्रं पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही लागतात. तक्रारींचं प्रमाणही ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावं लागतं. आपण सहा जणांचे असलो तरी तिन्ही करायचं.

हे जमलं का ते बघायचं तर जीमेलवरच्या कुणाला तरी पत्र पाठवा आणि त्यांच्याकडे 'मूळ संदेश दाखवा' उघडायला सांगा. वरच्या चौकटीत तिन्ही नावांपुढे 'पास' दिसलं पाहिजे.

आणि तरीही ते पत्र स्पॅममध्येच सापडलं तर? माझं सापडलं होतं. तिन्ही पास, तरी स्पॅम. कारण ओळख पटली म्हणजे पत आली असं नसतं. गावात नवं बिऱ्हाड आलं की वाणी त्यांचं नाव विचारतो, आधार कार्डही बघतो, पण पहिल्या दिवशी उधार देत नाही. नव्या आयपीला आणि नव्या डोमेनला हाच न्याय. यावर झटपट उपाय विकणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. मी एवढंच केलं: पहिले काही आठवडे फक्त ओळखीच्या माणसांना, खरी, मजकूर असलेली पत्रं पाठवली आणि फोन करून सांगितलं, 'स्पॅममध्ये बघ, तिथून बाहेर काढ, आणि उत्तर लिही.' उत्तर येणं फार मोलाचं. कुणालाही एकगठ्ठा काही पाठवलं नाही. दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा त्या वर्षी एकेकाला लिहिल्या.

एवढा धीर नसेल तर एक मधला मार्ग आहे आणि तो पत्करण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. येणारं टपाल आपल्या सर्व्हरवर घ्यायचं आणि जाणारं एखाद्या पत असलेल्या रिले सेवेमार्फत, म्हणजे आपली पत्रं पुढे पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, पाठवायचं. पत्रांचा साठा आपल्याकडेच राहतो. पोस्टफिक्समध्ये दोन-चार ओळींचं काम आहे.

बसवणं

पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट सुटे बसवा किंवा मेल-इन-अ-बॉक्स, मेलकाउ यांसारखा तयार संच घ्या. संच घेतलात तरी वरची ओळखीची बाजू तुम्हालाच समजून घ्यावी लागते. बाकी कष्ट निश्चित वाचतात. मी सुटं बसवलं कारण मला आतलं बघायचं होतं.

एकच चूक जीवघेणी आहे: सर्व्हर कुणाचंही पत्र कुणालाही पोचवणारा उघडा ठेवणं. असा सर्व्हर स्पॅमवाल्यांच्या हाती लागायला फार वेळ लागत नाही. बसवून झाल्यावर बाहेरच्या दुसऱ्याच जोडणीवरून, पासवर्ड न देता, २५ च्या खिडकीवर जा आणि परक्या डोमेनला पत्र देऊन पाहा. 'रिले ॲक्सेस डिनाइड' असं उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर सर्व्हर तिथल्या तिथे बंद करा आणि मगच चूक शोधा.

जोडणी कूटबद्ध करायला सर्व्हरला लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं. त्याची मुदत ९० दिवसांची असते आणि ते आपोआप नवं होतं, पण डोव्हकॉट नवं प्रमाणपत्र आपण सांगितल्याशिवाय उचलत नाही. नूतनीकरणानंतर त्याला फायली पुन्हा वाचायची आज्ञा जाईल अशी जोडणी करून ठेवा. नाहीतर तीन महिन्यांनी एका सकाळी घरातल्या सगळ्यांचे फोन एकदम तक्रार करतात.

येणारा स्पॅम गाळायला आरस्पॅमडी हा प्रोग्रॅम उत्तम आहे. तो स्पॅमहाउससारख्या याद्यांना विचारून निर्णय घेतो. पण तुमचा सर्व्हर गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारत असेल तर स्पॅमहाउस त्या चौकशीला खरं उत्तर देत नाही. सर्व्हरवरच अनबाउंड हा छोटा डीएनएस प्रोग्रॅम बसवा. माझ्याकडे त्या एका बदलानं येणारा कचरा निम्म्याहून कमी झाला.

पासवर्डची रात्र

सर्व्हर सुरू होऊन आठ महिने झाले होते. रात्री अकराच्या सुमारास सहज पाठवणीची रांग बघितली. एरवी तिथे शून्य किंवा एखादं पत्र असतं. त्या रात्री यादी पडद्यावरून धावतच राहिली, थांबेना. सगळी पत्रं माझ्या दिरांच्या खात्यातून, जगभरच्या अनोळखी पत्त्यांना. त्यांनी वर्षांपूर्वी एका खरेदीच्या साइटवर ठेवलेला पासवर्डच इथेही ठेवला होता, आणि तो कुठूनतरी फुटला होता. चोर रीतसर दारातून, पासवर्ड देऊन आत आला होता. बाकीची सगळी कुलुपं शाबूत होती.

पोस्टफिक्स थांबवला, खातं बंद केलं, रांग पुसली, पासवर्ड बदलला. पण गेलेली पत्रं गेली होती. सकाळी आयपी दोन याद्यांत होता. अर्ज करून एकीतून दोन दिवसांत निघाला, दुसरीतून आठवड्यानं, आणि एवढ्या कष्टानं कमावलेली पत पूर्ववत व्हायला महिना गेला. दिरांना फार वाईट वाटलं. खरं तर ती माझी चूक होती. पासवर्ड मी त्यांना निवडू दिला होता आणि एका खात्यातून तासाला किती पत्रं जाऊ शकतात यावर काहीच बंधन घातलं नव्हतं.

आता पासवर्ड सर्व्हरच तयार करतो आणि ते फोनमध्ये मी स्वतः घालून देते. आरस्पॅमडीत दर खात्याला तासाची मर्यादा आहे. घरातला माणूस तासाला तीस पत्रं लिहीत नाही. पासवर्ड चाचपडत राहणाऱ्या आयपीला फेल२बॅन हा प्रोग्रॅम बाहेर काढतो. आणि रांगेत वीसहून जास्त पत्रं साठली तर मला फोनवर संदेश येतो. हे चारही पहिल्याच दिवशी करून ठेवायचं काम आहे.

सर्व्हर बंद पडला तर?

याची भीती लोकांना फार वाटते, आणि तीच सर्वांत निराधार आहे. समोरच्या सर्व्हरला दार बंद दिसलं तर तो पत्र टाकून देत नाही, पुन्हापुन्हा येत राहतो. पोस्टफिक्स, आपण काही बदललं नाही तर, पाच दिवस प्रयत्न करतो. जुनी टपाल व्यवस्था जितकी चिवट तितकीच ही. तेव्हा रात्री काही बिघडलं तर झोपा, सकाळी बघा. एकदा प्रवासात असताना माझा सर्व्हर दीड दिवस बंद होता. परत चालू केल्यावर तासा-दोन तासांत थांबलेली पत्रं येऊन पडली. बॅकअपची काळजी मात्र खरी. तो वेगळ्या ठिकाणी घ्या आणि वर्षातून एकदा तरी त्यातून पत्रं परत काढून बघा.

देवनागरी पत्ता

डॉट भारत ही देवनागरीतली डोमेनं २०१४ पासून मिळतात, आणि पत्त्याचा पहिला भागही देवनागरीत ठेवण्याचे नियम २०१२ पासून ठरलेले आहेत. पोस्टफिक्सनं ते २०१५ च्या ३.० आवृत्तीपासून अंगीकारले. म्हणजे 'आई' नावाची पत्रपेटी देवनागरी डोमेनवर खरोखर चालते. आमच्याकडे आहे. अडचण वाटेतल्या आणि समोरच्या सर्व्हरची. डोमेनचा भाग रोमन संकेतात बदलून जुन्या सर्व्हरलाही कळवता येतो, पण 'आई' हा भाग तसा बदलायची सोय नाही, त्यामुळे हे नियम न पाळणारा सर्व्हर पत्र परत पाठवतो. बँकांचे आणि सरकारी फॉर्म तर असा पत्ता लिहूच देत नाहीत, असा माझा आजवरचा अनुभव. म्हणून त्याच पेटीला रोमन पत्ताही जोडून ठेवला आहे. सासूबाई मात्र सगळ्यांना देवनागरीतलाच सांगतात, आणि जीमेलवरच्या नातवंडांची पत्रं त्यावर व्यवस्थित येतात.

कपाटातला कागद

डोमेनचं नूतनीकरण चुकलं आणि ते दुसऱ्या कुणी घेतलं, तर त्या क्षणापासून तुमचं सगळं टपाल त्याचं. बँकेचे संदेश, 'पासवर्ड विसरलात का' ची पत्रं, सगळं त्याच्या हाती पडेल, आणि सर्व्हर कितीही नीट सांभाळलेला असला तरी त्याचा उपयोग होणार नाही. मी आमचं डोमेन एकदम अनेक वर्षांसाठी भरून ठेवलं आहे, आणि त्याचं खातं मुद्दाम या डोमेनबाहेरच्या पत्त्यावर आहे, म्हणजे इथलं काही बंद पडलं तरी आठवणीचं पत्र पोचेल.

आणि हे सगळं मला एकटीलाच माहीत असून चालणार नाही. विम्याच्या आणि घरपट्टीच्या फाइलमध्ये एक कागद लावला आहे: डोमेन कुठे घेतलं, कधी भरायचं, सर्व्हर कुठे भाड्यानं आहे, बॅकअप कुठे आहे, आणि मी नसेन तर एमएक्सची नोंद बदलून हे टपाल एखाद्या कंपनीकडे कसं वळवायचं त्याच्या पाच ओळी. गेल्या पाडव्याला धाकट्या भावाला बसवून तो कागद वाचायला लावला आणि त्यातल्या पायऱ्या चाचणीच्या डोमेनवर त्याच्याकडून करून घेतल्या. तिसऱ्या ओळीत तो अडला. ती ओळ मी नव्यानं लिहिली.